आधी गाडी उचलायची, मग शुहरातची जिरवायची

७ सप्टेंबर, रविवार. दुपार.

राग डोक्यात ठेवू नका, प्रेशर वाढतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणून आजपासून कागदावर ठेवतोय. राग एकच आहे. त्याचं नाव शुहरात.

आज सानोबारआपाकडे जेवण होतं, जासूरच्या लग्नाची बोलणी पक्की झाल्याचं. आपा माझी सख्खी बहीण, जासूर तिचा मुलगा, म्हणजे मी नवऱ्यामुलाचा मामा. शुहरात त्याचा चुलता. आमच्याच गल्लीत राहतो, गाड्या दुरुस्त करतो आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत देतो. वरातीत पुढे कुणाची गाडी, असा विषय निघाला. जासूर लगेच म्हणाला, मामाची. का नाही म्हणणार? अख्ख्या कोकंद शहरात माझ्या पांढऱ्या नेक्सियाइतकी खाली बसवलेली गाडी दुसरी नाही. उन्हाळ्यात स्प्रिंगा कापून घेतल्यात. चालत नाही, तरंगते.

तर शुहरात मटणाचं हाडूक चोखत म्हणाला, हो हो, ओदिलअकांचीच लावा पुढे, रस्ता झाडायला वेगळा माणूस नको.

सगळे हसले. अक्सकालबाबा, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातले सर्वांत वडीलधारे, ते तर कवळी काढून हातात धरून हसले. त्याने भागेना म्हणून शुहरात पुढे म्हणाला, फक्त ते ऑइल गळतंय तेवढं बघा, नाहीतर नवरीच्या दारापर्यंत काळी रेघ ओढत जाल. गॅरेजला आणा, माझ्याकडे गाडीखाली उतरायचा खड्डा आहे, दहा मिनिटांचं काम.

दहा मिनिटांचं! माझ्या गाडीचं!

आपा म्हणाली, अरे जा ना बाबा, घरचाच माणूस आहे. मी मान डोलावली. मग ती सगळ्यांसमोर म्हणाली, लग्नाच्या आधीच्या गुरुवारपर्यंत गळती थांबली तर मामाची गाडी पुढे, नाहीतर चुलत्याची जीप. म्हणजे आता हा गाडीचा प्रश्न राहिलाच नाही.

निश्चय: त्या खड्ड्याचं तोंड बघणार नाही. गाडी घरीच उचलणार, खाली शिरणार, गळती स्वतः थांबवणार. आणि लग्नाच्या पंगतीत शुहरातला दाराजवळ बसवणार, जिथे चपला असतात.

८ सप्टेंबर, सोमवार.

बाजारातलं पडद्यांचं दुकान लवकर बंद केलं. नवा जॅक आणला, चांगला, लाल. संध्याकाळी गाडीखाली सरकवायला गेलो तर जॅक उंच आणि गाडी बुटकी. चारी बाजूंनी प्रयत्न केला. जातच नाही. म्हणजे गाडी उचलण्यासाठी जॅक आत गेला पाहिजे आणि जॅक आत जाण्यासाठी गाडी उचलली पाहिजे. जॅक बनवणाऱ्यांनी एवढा साधा विचार केलेला नाही.

मुक्काद्दास दारात उभी राहून म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. बायको असून ही बाई नेमकी कुणाच्या बाजूची आहे, हे एकदा स्पष्ट झालं पाहिजे.

१० सप्टेंबर, बुधवार.

उपाय सापडला. डोकं लागतं त्याला. गाडी वर जात नसेल तर जमीन खाली न्यायची! गाडीच्या पुढच्या बाजूला, बरोबर मधोमध, जॅकच्या मापाचा खड्डा खणला. द्राक्षाच्या वेलीचं एक मूळ तुटलं. मुक्काद्दासला सांगितलेलं नाही. वेल मोठी आहे, तिला कळणार नाही.

शुहरातकडे खड्डा आहे म्हणे. आता माझ्याकडेही आहे. आणि माझा ताजा आहे.

१२ सप्टेंबर, शुक्रवार.

आज पाटाला पाणी सोडायची आमच्या घराची पाळी होती. हे मी विसरलो नव्हतो, मला कुणी आठवण करून दिली नव्हती. मी दुकानात. मुक्काद्दासने नेहमीप्रमाणे बागेकडचं दार उघडलं आणि शेजारणीकडे गप्पा मारायला गेली. पाणी बागेत गेलंच नाही. सरळ माझ्या खड्ड्यात. खड्डा भरला, कडा ढासळल्या, पुढची चाकं रुतली. मी आलो तेव्हा गाडीचा बंपर चिखलात टेकलेला होता आणि वर दोन बदकं बसली होती.

एक मान्य करावं लागेल. इतकी लो गाडी मीही कधी पाहिली नव्हती.

ढकलायला गल्लीतली माणसं आली. बोलवावं लागत नाही आमच्याकडे, एकाचं काम निघालं की सगळे बाह्या सरसावून हजर, वर ज्याचं काम त्याने चहापाणी करायचं. त्यात शुहरातही. गुडघाभर चिखलात उतरला, खांदा लावला, गाडी काढली. मग हात धूत म्हणाला, ओदिलअका, राग मानू नका, पण खणू नका. आधी चाकं जाड फळ्यांवर चढवा, म्हणजे जॅक आपोआप आत जाईल. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावा. गाडी उचलली की लगेच चांगले लोखंडी स्टँड द्या, माझ्याकडे आहेत, घेऊन जा. आणि नुसत्या जॅकवर विसंबून खाली शिरू नका, पोरंबाळं आहेत.

सगळ्यांसमोर म्हणाला. म्हणजे मला काही कळत नाही, हे मोहल्ल्याला कळावं म्हणून. चिखल उडालेला असतानासुद्धा याला टोमणा सुचतो! त्यावर माझ्याच पैशाचा चहा दोन पेले प्यायला. साखर चार चमचे. लग्नात याला चहा बिनसाखरेचा.

१४ सप्टेंबर, रविवार.

विचारांती ठरवलं की फळ्या वापरायच्या. ही कल्पना मला बुधवारीच सुचलेली होती, फक्त लिहायची राहिली.

फळ्या कुठून? अंगणात मोठा लाकडी माचा आहे, ज्यावर बसून आम्ही चहा पितो. त्याच्या चांगल्या चार फळ्या उपसल्या. मुक्काद्दास म्हणाली, आता चहा काय झाडावर बसून प्यायचा? मी म्हणालो, थोडे दिवस कळ काढ, मामाचा मान आहे. ती म्हणाली, मामाचा मान आणि मामीची मान. याचा अर्थ मी विचारला नाही.

शुहरातच्या स्टँडला हातही लावणार नाही. उद्या जगाला सांगत सुटेल की ओदिलची गाडी माझ्या स्टँडवर उभी होती.

१७ सप्टेंबर, बुधवार.

आज मोठा डाव साधला. लग्नाचा पहाटेचा पुलाव ज्या देगेत शिजतो, ती मोहल्ल्याची मोठी देग. काळी, बिडाची, अक्सकालबाबांच्या लग्नापासूनची. माझ्या लग्नाचा पुलाव तिच्यातच झाला, आपाच्याही. ती कोठारातून आणून घासूनपुसून द्यायचा मान शुहरात घेणार, असं कानावर आलं. मी दुपारीच हातगाडी घेऊन गेलो आणि देग उचलून घरी आणली! कोठारवाल्याला म्हणालो, नवऱ्याच्या मामाचा हक्क पहिला. संध्याकाळी शुहरात गेला तर कोठार रिकामं. म्हणे हसला आणि म्हणाला, बरं झालं, माझी पाठ दुखतेय.

आतून जळाला असणार. मी ओळखतो.

२० सप्टेंबर, शनिवार. सकाळ.

आज दिवस माझा. गाडी फळ्यांवर चढली. लाल जॅक पहिल्याच झटक्यात आत गेला. फिरवला, गाडी वर आली. मागच्या चाकांना ओंडकेही लावले (बुधवारीच सुचलं होतं). अंगणात मी एकटा आणि माझी गाडी वर. डोळ्यांत पाणी आलं. ऑइलचा प्लग खालून दिसतोय, टपटप टपटप. आता फक्त आधार दिला की झालं.

विटा? नाही. आमच्या विटा कच्च्या, भुगा होतो. मी काही मूर्ख नाही. ओंडके मागच्या चाकांना गेले. मग नजर गेली कोपऱ्यात. देग! पालथी घातली तर खालून रुंद, वरून गोल, हत्ती उभा केला तरी हलणार नाही. उंची किंचित जास्त होती, म्हणून जॅकखाली आणखी एक फळी सारून गाडी अजून वर घेतली. देग बरोबर बसली. जॅक थोडा ढिला केला. गाडीचं वजन देगेवर. एवढ्या ऐटीत उभी राहिली की फोटो काढला.

आता खाली शिरतो. पाठ टेकायला गोधडी घातली आहे, एक चप्पल काढून आत ठेवली आहे. मुक्काद्दास ओरडतेय, आधी चहा पी, मग मर. दोन मिनिटांत पिऊन येतो.

त्याच दिवशी. दुपार.

बीड तडकतं.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पेला ओठाला लावला आणि अंगणात तोफ उडाल्यासारखा आवाज. देगेचे तीन तुकडे. जॅक आडवा पडून भिंतीपाशी. गाडी खाली. गोधडी खाली. चप्पल खाली. ती नंतर ओढून काढली तर नानपेक्षा पातळ झालेली.

मुक्काद्दासने ती चप्पल उचलली. काही बोलली नाही. मी म्हणालो, अगं बघ, वेळेवर चहा दिलास. तरी बोलली नाही. स्वयंपाकघरात गेली, चप्पल खिळ्याला टांगली आणि तिच्याकडे बघत बसली. मग तोंडाला ओढणी लावून रडली. तिला बोलताना ऐकण्याची इतकी सवय आहे की घर परकं वाटलं.

देगेवर ताडपत्री टाकली आहे. गाडीला बंपर सोडून काही झालेलं नाही. ऑइल गळतंच आहे.

दोष शुहरातचा. त्याने दहा मिनिटं म्हटलं नसतं तर मी हे घरी काढलंच नसतं.

२२ सप्टेंबर, सोमवार.

वेल्डिंगवाल्याकडे गेलो. ओळख न देता विचारलं, बिडाची देग जोडता येते का? म्हणाला, जोडता येते, पण मग फक्त बघायला ठेवायची, पुलाव टाकला की परत उघडेल. दुसऱ्याकडे गेलो. त्याने विचारलं, तुटली कशी? मी म्हणालो, पडली. तो म्हणाला, कुठून, विमानातून? बाजारात एवढी मोठी देग नाही. मागवायची तर लग्न उलटून जाईल.

रविवारी पहाटे सगळा मोहल्ला पुलावाला येणार. आपा देग मागणार. शुहरात दाढी कुरवाळत उभा राहील. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मुक्काद्दास संध्याकाळी कुठेतरी गेली होती. विचारलं तर म्हणाली, मीठ आणायला. मिठाची पिशवी घरात भरलेली आहे.

२५ सप्टेंबर, गुरुवार.

चमत्कार! सकाळी दुकानात जाताना गाडी अंगणात ठेवून गेलो, खाली पातेलं. संध्याकाळी आलो तर पातेलं कोरडं. गळती थांबली. आपोआप! शनिवारच्या दणक्याने प्लग जागच्या जागी बसला असणार. म्हणजे माझी पद्धत चुकीची नव्हती, थोडी जोरकस होती इतकंच.

अंगणात मातीवर चार चौकोनी ठसे होते. मुक्काद्दास म्हणाली, मांजर. पायरीवर चहाचे दोन पेले. एकाच्या तळाशी साखरेचा बोटभर थर. म्हणाली, शेजारीण आली होती. शेजारणीला डायबेटिस आहे.

असो. आपाला फोन केला. म्हणाली, ओदिल, आता पुढची गाडी तुझीच. मग म्हणाली, आणि देगेचं कळलं हो. मी ताडपत्रीकडे बघितलं. म्हणाली, नवी देग घेऊन मोहल्ल्याला दिलीस, अक्सकालबाबा किती खूश झालेत, जुनीला आधीच चीर होती म्हणे. मी म्हणालो, हो. दुसरं काय म्हणणार? आणि विचारलं, तुला कुणी सांगितलं? म्हणाली, शुहरातने. त्यानेच कुठूनतरी आणून कोठारात पोचवली ना तुझ्या वतीने.

रात्री झोप नाही. हा डाव ओळखा. भरपंगतीत सगळ्यांसमोर उघडं पाडणार मला. बकऱ्याला आधी पाला घालतात.

२८ सप्टेंबर, रविवार. सकाळ.

पहाटेचा पुलाव झाला. मी शुहरातला दाराजवळ बसवायला उभा होतो. तो बसलाच नाही. पाठीला फडकं बांधून ताटं वाहत होता. शेवटी जेवला तोही दाराजवळ, चपलांच्या बाजूला, आपणहून. माझ्या बदल्याचा असा विचका करायचा अधिकार त्याला कुणी दिला?

मी भिंतीशी टेकून वाट पाहत होतो की आता बोलेल, आता बोलेल. तेवढ्यात अक्सकालबाबांनी हात वर केले. म्हणाले, ज्या ओदिलने मोहल्ल्याला देग दिली, त्याच्या घरी चूल कधी थंड न पडो. सगळ्यांनी हात वर केले, चेहऱ्यावरून फिरवले, आमीन म्हणाले. शुहरातही. सगळ्यांत मोठ्याने तोच. मला उचकी लागली.

मग त्याने मला पाणी आणून दिलं. ग्लास पूर्ण भरून. लोकांसमोर.

ठीक आहे. अजून वरात आहे. पुढे मी, मागे त्याची जीप. धूर खाईल. आज त्याची जिरणार म्हणजे जिरणार.

त्याच दिवशी. संध्याकाळ.

जिरली. कुणाची ते लिहितो.

गाडीला फिती, फुलं, वर बाहुली. आत जासूर, त्याचे दोन मित्र आणि मी स्टिअरिंगवर. मागे जीप, मागे सगळा गाड्यांचा तांडा, हॉर्न, आनंद. नवरीच्या गल्लीपर्यंत सगळं राजेशाही. गल्लीत नवा स्पीडब्रेकर. पलीकडे नवरीचा दरवाजा, दारात तिच्याकडची सगळी मंडळी आणि लांबच लांब कर्णे घेतलेले वाजंत्री. त्यांनी आम्हाला बघितलं आणि कर्णे फुंकले.

मी तिरपी घेतली, नेहमी घेतो तशी. चारजण बसलेले असताना कधी घेतली नव्हती. पोट टेकलं. पुढे जाईना, मागे येईना. चाकं फिरतात, गाडी जागच्या जागी. कर्णे वाजतच होते. ते थांबवायचं कुणालाच सुचलं नाही.

आधी मित्र उतरले. मग जासूर उतरला, डोक्यावर टोपी, छातीला फूल. म्हणाला, मामा, असू द्या. मग मी. मग मागच्या गाड्यांतून माणसं उतरली. शुहरात सगळ्यांच्या पुढे. मी मनात म्हटलं, आता रस्ता झाडायचं काढणार. कोट काढला, बाह्या सरसावल्या, म्हणाला, या रे, दोन्ही बाजूंनी धरा, पाठ सरळ ठेवा, गुडघ्यातून उचला, आणि पाय कुणी खाली घालायचे नाहीत. जासूरनेही हात लावला. नवरीचे मामे आले, तेही लागले. एक, दोन, तीन. आणि माझी गाडी वर आली! इतके दिवस जॅक, खड्डा, देग करून जी मला उचलता येत नव्हती, ती दोन घरच्या माणसांनी हातांवर उचलली. खाली कुणी शिरलं नाही. सगळ्यांत सुरक्षित पद्धत हीच, पण तिला सोयरे लागतात.

तेवढ्यात एकजण ओरडला, चाकांखाली घालायला आहे का काही? शुहरात म्हणाला, माझ्या डिकीत. आणि दोन फळ्या आल्या. जाड, एका कडेला निळा रंग. आमच्या माच्याच्या.

मी फळ्यांकडे बघितलं. त्याने मला बघताना बघितलं. गाडी टेकवताना माझ्या शेजारी वाकला आणि कानात म्हणाला, प्लगचा वॉशर गेला होता अका, नवा घातलाय, निर्धास्त चला. वहिनी चप्पल घेऊन आल्या होत्या. माझ्याने बघवलं नाही.

हळू म्हणाला. दुसऱ्या कुणालाही ऐकू गेलं नाही. मोठ्याने म्हणाला असता तर मी जन्मभर त्याच्याशी भांडलो असतो, सुखाने.

गाडी फळ्यांवरून पलीकडे गेली. नवरीचं घर सगळं हसत होतं. जासूरही. मीही हसलो, कारण चेहऱ्याचं दुसरं काही करता येत नव्हतं.

२९ सप्टेंबर, सोमवार.

प्रेशर नॉर्मल.

माचा परत ठोकायला घेतला. दोन फळ्या कमी. त्या शुहरातच्या डिकीत आहेत. मुक्काद्दास म्हणाली, मागून आणा. मी म्हणालो, तोच आणून देईल, त्याला आमच्या अंगणाची वाट माहीत आहे. तिने खिळ्याकडे बघितलं.

म्हणून संध्याकाळी जाणार आहे. रिकाम्या हाताने शत्रूच्या घरीही जात नाहीत, तेव्हा दोन नान आणि बाजारातून साखर घेतली आहे. साखर जरा जास्तच घेतली.

गाडी घेऊनच जावं म्हणतो. बंपर लोंबतोय. त्याचा तो खड्डा रिकामा असला तर.